गियर खडखडतो, दोष कुणाचा?

सोयाबीन-कापसाचे दोन पैसे हाती आले की कितीतरी घरांच्या अंगणात एखादी जुनी चारचाकी येऊन उभी राहते. कुणाची मारुती, कुणाची बोलेरो, कुणाचा पिकअप. महिनाभर कौतुक चालते. गाडीला हार पडतो, लिंबू-मिरची बांधली जाते, पाहुण्यारावळ्यांना एक चक्कर मारून आणली जाते. आणि मग तक्रारी सुरू होतात. शब्द वेगवेगळे, पण दुखणे एकच. ‘गियर पडत नाही.’ ‘गियर टाकताना खर्रर्र आवाज येतो.’ ‘दुसरा गियर आपोआप सुटतो.’ आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न सारखाच असतो: मिस्त्री म्हणतो गियरबॉक्स खोलावा लागेल, तर खोलू द्यावा का?

उत्तर आधीच देऊन टाकतो: लगेच नाही. गियरच्या नावाने येणाऱ्या पुष्कळ तक्रारी मुळात क्लचच्या असतात, आणि क्लचच्या पुष्कळ तक्रारी आपल्या डाव्या पायाच्या. गियरबॉक्स हा जड लोखंडी डबा आहे, तेलात बुडालेला आहे, आणि नीट वापरला तर तो इंजिनाच्या जोडीने म्हातारा होतो. तो खोलण्याआधी घरच्या घरी दहा मिनिटे खर्च करून काही गोष्टी पाहता येतात. त्या कशा पाहायच्या, हे आज सांगायचे आहे.

त्याआधी आत काय चालते ते थोडक्यात समजून घेऊ. इंजिन एका वेगाने फिरत असते, चाके दुसऱ्या वेगाने. मध्ये गियरची चाके. चढाला, चिखलाला, भरल्या गाडीला ताकद हवी म्हणून खालचा गियर. सपाट सडकेला वेग हवा म्हणून वरचा. उसाचा चरक ज्याने पाहिला आहे त्याला दात्यांत दाते कसे बसतात हे वेगळे सांगायला नको. पण चरकाचे दाते कायमचे गुंतलेले असतात. गाडीत मात्र चालत्या गाडीत एक जोडी सोडून दुसरी धरावी लागते, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. खरी अडचण ही आहे.

चालत्या बैलगाडीत मागून चढताना आपण काय करतो? आधी गाडीच्या बरोबरीने चार पावले धावतो. आपला वेग आणि गाडीचा वेग एक झाला की मग हात टेकून वर बसतो. उभ्यानेच उडी मारली तर दात पडायचे. गियरचेही अगदी असेच आहे. दोन्ही बाजूंचा वेग एक होण्याआधी दाते भिडले तर खर्रर्र. हे बरोबरीने धावण्याचे काम गियरबॉक्समध्ये एक पितळी कडे करते, त्याला मिस्त्री लोक सिंक्रो रिंग म्हणतात. गियर टाकताना ते कडे आधी घासते, वेग जुळवते, मग दाते आत जाऊ देते. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनियरची ही युक्ती. १९२८ साली ती पहिल्यांदा कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याआधी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलला ॲक्सिलरेटर देऊन, कानाने वेग जुळवावा लागे. आपल्याकडच्या विलीज जातीच्या जुन्या जीपा, जुनी ॲम्बेसेडर, पद्मिनी यांच्या पहिल्या गियरला हे कडे नव्हते. म्हणून जुनी ड्रायव्हर मंडळी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नसत. ती त्यांची सवय आजही वाईट नाही.

पितळी कड्याला घासून वेग जुळवायला क्षणभर वेळ लागतो, हे ध्यानात ठेवा. आपण दांडा रागाने ओढला, तर तो क्षण त्याला मिळत नाही. दांडा ओढायचा नसतो, तो न्यायचा असतो. न्यूट्रलपर्यंत न्यावा, तिथे किंचित थांबावे, आणि मग पुढच्या गियरकडे हलका दाब द्यावा. गियर आपणहून आत ओढला जातो. मुठीने करकचून धरण्याची गरज नाही, तळहात पुरतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून एकेक करून सगळे गियर टाकून पाहा. (एखादा अडला तर न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा पाहा, कधी दात्यावर दाता येतो, तो दोष नव्हे.) इंजिन बंद असताना सगळे गियर लोण्यासारखे पडतात, आणि इंजिन सुरू केले की पडत नाहीत किंवा आवाज करतात, असे असेल तर गियरबॉक्सला शिव्या देऊ नका. तुमचा क्लच पुरता सुटत नाही. इंजिन बंद असतानाही दांडा जड जातो, तर मग दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंतच्या सळया किंवा केबल, त्यांचे बुश, किंवा आतला भाग, यांत कुठेतरी दुखणे आहे.

रिव्हर्स गियर हा क्लचचा उत्तम साक्षीदार. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोचे कडे नसते, त्यामुळे तो काही झाकून ठेवत नाही. गाडी उभी, इंजिन सुरू, न्यूट्रल. क्लच पुरता दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा. मग रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर क्लच ठीक आहे. एरवी आवाज येतो तो तुमच्या घाईचा. दहा मोजूनही खर्रर्र होत असेल तर क्लच आतून चिकटतो आहे. गॅरेजला जाईपर्यंत एक उपाय करा: आधी पहिल्या गियरला टाकून बाहेर काढा, की फिरता दांडा थांबतो, आणि लगेच रिव्हर्स टाका. पण हा उपाय गॅरेजला पोहोचेपर्यंतचाच समजा.

क्लच पुरता का सुटत नाही? आधी पायाखाली बघा. हसू नका. रबरी चटई, तिच्यावर दुसरी चटई, तिच्यावर चिखल नको म्हणून गोणपाट, असे थर आपल्या गाड्यांत असतात. पायडल तळाला टेकण्याआधी गोणपाटाला टेकते. ते काढल्यावर गियर पडायला लागला तर मिस्त्रीचे पैसे वाचले. त्यानंतर पाहायची केबल. मारुती ८०० सारख्या लहान गाड्यांत पायडलपासून क्लचपर्यंत लोखंडी केबल जाते. ती ताणते, तिच्या तारा तुटतात, मग पायडल कितीही दाबा, तिकडे ओढ पोहोचत नाही. बऱ्याच मोठ्या गाड्यांत केबलऐवजी तेलाचा दाब असतो, आणि ते तेल म्हणजे ब्रेकचेच तेल. पायडल दोन-तीनदा पंप केल्यावरच गियर पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहे. बाटलीतले तेल उतरले आहे का पाहा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच बाटलीतून पितात, तेव्हा तिथली गळती नुसत्या गियरची काळजी उरत नाही.

याच्या उलट दुखणे म्हणजे क्लच धरतच नाही. चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडते, गाडी मात्र तशीच रांगते, आणि जळका कुबट वास येतो. खात्री करायची तर मोकळ्या जागी, पुढे कुणी नसताना, हँडब्रेक करकचून ओढून तिसऱ्या गियरला क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडले पाहिजे. बंद न पडता फिरत राहिले तर क्लचप्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून उरलीसुरली प्लेट जाळू नका. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ही आणि वरची रिव्हर्सची, अशा दोन परीक्षा मालकासमोरच करून घ्या. भाव ठरवताना उपयोगी पडतात.

आवाज कधी येतो हेही नीट ऐका, कारण मिस्त्रीला ‘आवाज येतो’ एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरला ‘दुखते’ एवढेच सांगण्यासारखे आहे. न्यूट्रलला उभ्या गाडीत घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: गियरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचे बेअरिंग. क्लच दाबला की आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत फक्त एकच गियर, बहुधा दुसरा, टाकताना खर्रर्र होतो आणि बाकीचे गुमान पडतात: त्या गियरचे पितळी कडे झिजले. गियर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो: आतले दाते, फाटा किंवा स्प्रिंग झिजली असेल, पण आधी इंजिनाच्या खालची रबरे पाहायला सांगा, ती फाटली की इंजिन हलते आणि दांड्याला ओढते. ही शेवटची दोन दुखणी मात्र खरी गियरबॉक्सची, आणि तिथे मिस्त्री खोलायला म्हणाला तर त्याचे ऐका.

थंडीच्या दिवसांत पहाटे दूध घालायला निघताना दुसरा गियर जड जातो, याची काळजी करू नका. तेल घट्ट झालेले असते. एखाद-दुसरा किलोमीटर सबुरीने चालवले की मोकळा होतो.

तेलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गियर ऑइल कुणाला आठवत नाही. गोठ्याशेजारी गाडी लावता तिथे सकाळी खाली वाकून पाहा, काळा, उग्र वासाचा डाग आहे का. तेल भरताना गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे तेच भरा. ‘गियरचे तेल’ म्हणून दुकानदार मागच्या धुऱ्याचे तेल देतो. त्यातले मसाले त्या जड दात्यांसाठी असतात, पितळी कड्याला ते मानवतीलच असे नाही, आणि चांगला गियरबॉक्स महाग तेल घालून खडखडू लागतो. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि पाणी डब्याच्या वर गेले असेल, तर तेल तपासून घ्या. दुधाळ, चहासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले. ते तेल त्याच आठवड्यात बदला. आणि पावसाळाभर गाडी छपराखाली उभी ठेवू नका. क्लचप्लेट गंजून चिकटते आणि दसऱ्याला पूजा करायला काढावी तर एकही गियर पडत नाही. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत नेऊन आणली तरी पुरे.

आता सवयींकडे येतो. क्लचप्लेट खाणारी सवय एकच, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात आहे: डावा पाय सतत पायडलवर टेकवलेला. वजन किंचित असते, पण तेवढ्याने रिलीज बेअरिंग फिरत राहते आणि प्लेट अर्धवट सुटून घासत राहते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे पाच-दहा किलोमीटर रांगावे लागते तेव्हा तर हाफ क्लचवरच गाडी चालते. त्यापेक्षा पुढची ट्रॉली दोन गाड्यांइतकी लांब जाऊ द्या, मग पहिल्याला पुरता क्लच सोडून जा. चढावर उभे राहायचे तर हँडब्रेकवर उभे राहा, क्लचवर नाही. निघताना क्लच हळू सोडा. इंजिनाचा सूर खाली येतो, गाडीचे नाक जरासे उचलते, तेव्हा हँडब्रेक सोडा. गाडी बोटभरही मागे येत नाही. घरातल्या मुलीला, सुनेला गाडी शिकवत असाल तर हे एवढे आधी मोकळ्या रानात, नांगरलेल्या नव्हे, पन्नास वेळा करून घ्या. शेजारी बसून ओरडू नका. घाबरलेला पाय क्लच एकदम सोडतो आणि मग आपणच म्हणतो, हिला जमत नाही.

दांड्यावर हात ठेवून चालवणे दिसायला ऐटबाज. पण आतला फाटा फिरत्या कड्यावर दाबला जातो आणि विनाकारण झिजतो. काम झाले की हात स्टिअरिंगवर. आणि डिझेल वाचेल म्हणून भरल्या गाडीला तीसच्या वेगात चौथ्यावर रेटू नका. इंजिन आतून ठोके देते, हादरे गियरबॉक्सला बसतात, आणि डिझेलही वाचत नाही.

डिझेल वाचवण्याच्या नावाखाली दुसरी एक गोष्ट चालते, तिच्याविषयी जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तिथे नुकसान क्लचप्लेटचे होत नाही, माणसांचे होते. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. काही शूर तर किल्ली फिरवून इंजिनही बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या बोगद्याकडून उतरणाऱ्या महामार्गावर नवले पुलाजवळ एका मालट्रकमुळे ४० हून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. पोलिसांनी त्यावेळी सांगितले ते असे, की इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलेले होते. त्या उतारावर त्याआधीही अपघात झाले आहेत आणि त्यानंतरही.

गियरमध्ये असलेली गाडी उतारावर इंजिनाला फिरवत उतरते. ते इंजिन तिला मागे ओढून धरते. न्यूट्रल केली की ही ओढ गेली, सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर आला. दहा मिनिटे सतत दाबलेले ब्रेक तापतात, लायनर गुळगुळीत होतात, ब्रेकचे तेल जुने असेल तर त्यातले पाणी उकळते आणि पायडल स्पंजासारखे खाली जाते. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मदत करणारी ओढ दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग दगडासारखे होते, आणि किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. एवढे करून वाचते काय? आजच्या इंजेक्शनच्या गाड्या, पेट्रोल असो की डिझेल, गियरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन आपणहून बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब लागतोच. म्हणजे ज्या वाचवण्यासाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचत गियरमध्येच जास्त होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडे वाचत असेल. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनीही हिशेब करून पाहावा.

कुंभार्ली, आंबा, फोंडा, माळशेज, घाट कोणताही असो, जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा पक्का आहे: ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा. गियर घाटाच्या तोंडाशीच घ्या, अर्ध्या उतारावर वेग चढल्यावर नाही. तेव्हा खालचा गियर पडता पडत नाही आणि आपण न्यूट्रलमध्ये अडकतो. ब्रेक दाबून धरून ठेवू नका; दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या. जळका वास आला किंवा पायडल मऊ लागले तर रुंद जागा पाहून थांबा आणि अर्धा तास बसा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेले लोखंड तडकते. ब्रेक खरोखरच गेले तर क्लचला पाय लावू नका. एकेक गियर खाली आणा, दिवे लावा, भोंगा दाबा, हँडब्रेक थोडा थोडा ओढा, एकदम नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे दुप्पट मनावर घ्यावे. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या गियरला सिंक्रो नसते, त्यामुळे उतारावर एकदा न्यूट्रल झाला की चालत्या ट्रॅक्टरला पुन्हा गियर पडत नाही, आणि मागून भरलेली ट्रॉली ढकलत असते. म्हणून उताराआधी थांबून खालचा गियर घ्या, आणि रानातून सडकेवर येताना डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी अडकवा. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि उलटतो.

क्लचप्लेट बदलायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. त्यासाठी गियरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, आणि मजुरी असते ती त्या उतरवण्या-चढवण्याची. तेव्हा प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदला, इंजिनाच्या मागचे ऑइल सील पाहायला सांगा. बेअरिंगचे पैसे वाचवून सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी देणारे खूप आहेत. जुने भाग मागून घ्या आणि स्वतः पाहा. नवीन प्लेट बसल्यावर पहिले काही दिवस ओझे आणि घाट टाळा, प्लेटला बैठक घेऊ द्या.

गाडी उतारावर उभी करायची तर नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको. तोंड चढाकडे असेल तर पहिल्या गियरला, उताराकडे असेल तर रिव्हर्सला टाकून ठेवा, आणि चाकाला धोंडा लावा. परत येऊन गाडी सुरू करताना आधी क्लच दाबून न्यूट्रल करायला विसरू नका, नाहीतर किल्ली फिरवताच गाडी उडी मारते. आणि निघताना तो धोंडा रस्त्याच्या कडेला टाका. मागून मोटारसायकलवर कुणीतरी येत असते.